रासीनची शोकांतिका मूकपटात: संवादच गेल्यावर काय उरते?

प्रश्न:
फ्रेंच दिग्दर्शक कामिल द मोर्लों यांनी १९१२ मध्ये सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार रासीनच्या 'ब्रितानिक्युस' या नाटकावर मूकपट काढला, असे वाचनात आले. १६६९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेले हे नाटक बारा अक्षरावयवांच्या यमकबद्ध ओळींत लिहिलेले असून त्यात घडते थोडे आणि बोलले जाते फार. ज्या कलाकृतीचा प्राणच भाषेत आहे, ती मुक्या पडद्यासाठी निवडण्यामागे कोणता विचार असावा?

उत्तर १:
प्रतिष्ठा हे एक कारण उघड आहे. जत्रेतली करमणूक समजल्या जाणाऱ्या चित्रपटाकडे सुशिक्षित प्रेक्षक वळवावा, म्हणून १९०८ मध्ये 'फिल्म दार' ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये तिच्या पहिल्या खेळात 'ड्यूक ऑफ गीझची हत्या' हा मूकपट दाखवला गेला. त्यात कोमेदी-फ्रान्सेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेचे नट होते आणि संगीत साँ-साँस यांचे होते. रासीन तर फ्रेंच विद्यार्थी शाळेतच शिकत, त्यामुळे कथा समजावून सांगण्याचे अर्धे काम आधीच झालेले असे.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे. परंतु 'ब्रितानिक्युस'च्या बाबतीत ते मला अपुरे वाटते. दुसऱ्या अंकात रोमचा सम्राट नेरो आपल्या सावत्र भावाच्या, म्हणजे ब्रितानिक्युसच्या प्रेयसीला, ज्युनीला बजावतो की, तू ब्रितानिक्युसला झिडकारले नाहीस तर त्याचा जीव जाईल; मी जवळच लपून पाहत असेन आणि तुला मुक्या वाटणाऱ्या नजराही मला ऐकू येतील. त्यानंतर ती प्रियकराशी जे कोरडेपणाने बोलते, त्यातल्या शब्दांना काहीच किंमत नसते. अर्थ सारा न बोललेल्या गोष्टीत, तिच्या आवरलेल्या हातांत आणि वळवलेल्या मानेत असतो. मूकपटासाठी याहून योग्य प्रसंग कोणता? शिवाय अभिजात फ्रेंच रंगभूमीच्या संकेतानुसार रासीनने ब्रितानिक्युसवरचा विषप्रयोग पडद्याआड ठेवला आहे. नेरोचा सल्लागार बुरूस येऊन त्याचे केवळ वर्णन करतो. चित्रपटाला असे बंधन नव्हते. मेजवानी, पेला आणि कोसळणारा तरुण हे सगळे थेट दाखवण्याची मुभा होती.

उत्तर ३:
नजरेचा मुद्दा मान्य आहे, विषप्रयोगाचा नाही. बुरूसला हादरवते ते हत्येपेक्षाही हे, की नेरोने चेहऱ्याचा रंगही न बदलता तो मृत्यू पाहिला. त्या काळी कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर असे आणि नट दुरून, जवळजवळ पूर्ण आकृतीत दिसे. इतक्या अंतरावरून निर्विकार चेहरा प्रेक्षकाला कळणार कसा? (कृष्णधवल चित्रात 'रंग न बदलणे' दाखवायचे, हेही एक कोडेच.) तेथे रासीनचे एक वाक्य जे साधते, त्यासाठी पडद्याला चेहरा जवळून दाखवण्याची सवय लागावी लागली.

प्रश्नकर्ता:
आभार. आता ज्युनीचा तो प्रसंग त्या मूकपटात कसा घेतला आहे, हे प्रत्यक्ष पाहण्याची उत्सुकता आहे.