खदानीतलं पाणी नाल्यात सोडतात, तपासणी कशी करावी?

पांझराकाठ
राम राम मंडळी. साक्री तालुक्यात पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या सामायिक पाण्यावर भिजणाऱ्या शेतीत, आमची जमीन आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक नाला नदीला मिळतो, त्यावर काळ्या दगडाची खदान आहे. पावसाळ्यात खदान भरते. दिवाळीनंतर काम सुरू करायला मोटार लावून ते पाणी नाल्यात सोडतात. मग नाला राखाडी वाहतो, पाटाच्या तळाला पिठासारखा गाळ बसतो, गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत. फडाचं पाणी सगळ्यांचं, म्हणून जीव जास्त जळतो. मालक म्हणतो, "पावसाचंच पाणी, त्यात काय वाईट?" मला आकड्यांत उत्तर द्यायचंय. टीडीएस मीटर आणलं, पण खदानीच्या वरचं आणि खालचं पाणी त्यात जवळपास सारखंच दिसतं. असं कसं?

पाणीपरीक्षक जळगाव
भाऊ, ते मीटर विरघळलेले क्षार मोजतं. तुमच्या नाल्यात आहे ती न विरघळलेली दगडाची भुकटी. लॅबमध्ये निलंबित घनपदार्थ (पाण्यात तरंगणारे न विरघळलेले कण) आणि गढूळपणा तपासायला सांगा. पर्यावरण संरक्षण नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहेत: निलंबित घनपदार्थ लिटरला 100 मिलिग्रॅम, तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम, पीएच 5.5 ते 9.

नायट्रेट आणि अमोनियाही बघा. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, सांडलेलं आणि न पेटलेलं पाण्यात उतरतं. पण कपाशीला टाकलेला युरियाही नाल्यात नायट्रेट आणतो. म्हणून खदानीच्या वरच्या बाजूचा नमुना हवाच. तो नसेल तर तुमचे आकडे पहिल्याच बैठकीत उडवून लावतील. दुसरा नमुना पाइपाच्या तोंडाशी, तिसरा खाली, पाणी पुरतं मिसळल्यावर. तिन्ही एकाच दिवशी, मोटार चालू असताना. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, तळ ढवळू नका, बाटल्या बर्फात ठेवून लगेच पोहोचवा. तेल-ग्रीसची बाटली काचेची, वेगळी, आणि ती नाल्याच्या पाण्याने विसळायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पाणी किती सोडतात ते मोजा. पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम धरा. 10 सेकंदांत भरला तर सेकंदाला 20 लिटर. त्यात लिटरला 500 मिलिग्रॅम भुकटी निघाली असं धरा, म्हणजे तासाला 36 किलो. हा आकडा ग्रामसभेत कोणालाही कळतो.

धुळेकर वकील
एक लक्षात ठेवा, तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा ठरत नाही. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने मालकाला नोटीस देऊन घेतलेला सीलबंद नमुना लागतो. तुमचे आकडे त्यांना योग्य वेळी बोलवायला कामी येतात. मोटार कधी सुरू, कधी बंद, याची तारखेसकट वही ठेवा. मंडळाने खदानीला दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी माहितीच्या अधिकारात मागवा.

शिरपूरची ताई
दादा, तक्रारीसोबत उपायही मागा. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तळाला असला की सगळा गाळ ओढला जातो. तो तरंगत्या ड्रमाला बांधून वरच्या थरात ठेवायचा, म्हणजे निवळलेलं पाणीच वर येतं. नाल्याआधी एक निवळणीचा खड्डाही हवा. सुरुंग उडवल्यावर लगेच मोटार लावू देऊ नका. मात्र विरघळलेलं नायट्रेट खड्ड्यात बसत नाही, त्याची तपासणी चालूच ठेवा.

पांझराकाठ
ताई, वकीलसाहेब, परीक्षक भाऊ, खूप आभार. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी रोज नाल्यावरून जातो, वही त्याच्याकडे देतो. ड्रम माझ्याच खळ्यात आहे. शेजारच्या गावातल्या कोणाला सोबत यायचं असेल तर इथेच कळवा.