मदत हवी आहे: अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते, ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं

नमस्कार मंडळी,

कारंजा (लाड) तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, टायर १६५/८० आर १४, रिम साधे लोखंडी. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना तपासणीला अधूनमधून नागपूरला न्यावं लागतं. समृद्धी जवळ, म्हणून तिकडूनच जातो. गावाकडे गाडी चाळिशीच्या वर जातच नाही, त्यामुळे काही जाणवत नाही. समृद्धीला लागलो की मात्र त्रास सुरू.

८० ओलांडले की स्टेअरिंग थरथरायला लागतं, ९०-९५ ला सगळ्यात जास्त, पुढे परत कमी होतं. ब्रेक दाबला तरी त्यात फरक नाही, सीटलाही काही कळत नाही. दुसरं म्हणजे स्टेअरिंगची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे जाते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच डावीकडे थोडा उतार असतो हे ठाऊक आहे, पण ही सपाट रस्त्यावरही ओढते. हवा सकाळी टायर गार असताना मोजून सारखी भरली आहे.

डाव्या पुढच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे, बाहेरची नक्षी शाबूत. टायरवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने मऊ लागतं, उलट दिशेने करवतीसारखं.

अमरावतीला एका दुकानात अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचा तोल साधणं) दोन्ही करून आणलं. काही दिवस थरथर गेली, मग परत आली. ओढणं तर तेव्हाही गेलं नव्हतं. त्यांच्या कागदावर टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत) हिरव्यात, म्हणजे मर्यादेत आहे, डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती कललंय) लाल. "या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, पुढचे दोन टायर बदला" म्हणाले. आमच्या इथला मिस्त्री म्हणतो लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) गेला. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि डावं चाक नेमकं त्यातच उतरतं, हेही सांगून ठेवतो.

सोयाबीनचे पैसे हाती यायचे आहेत, दोन्ही खर्च एकदम होणार नाहीत. आधी टायर घेऊ की लोअर आर्म? नवे टायरही असेच खाल्ले गेले तर काय? सध्या सत्तरनेच चालवतो, पण त्यात बाबांना जास्त वेळ बसून राहावं लागतं आणि ते त्यांना सोसत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: गॅरेजवाला, हिंगणघाट

भाऊ, ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरते म्हणजे पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग. मागच्या चाकांचं असतं तर सीटला कळलं असतं.

मशीनवर चढवायच्या पहिले चाकं आतून धुतली होती काय? आपली काळी माती रिमच्या आतल्या अंगाला चिकटून वाळते. मशीन चाकाला त्या मातीसकट तोलते आणि त्या हिशोबाने शिसं, म्हणजे तोल साधणारं वजन, लावून देते. नंतर ढेपूळ गळून पडलं की तेच शिसं जास्तीचं होते आणि थरथर परत येते. चाक काढून आतून बघा.

कॅम्बरबद्दल त्यांनी अर्धंच सांगितलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो सेट होतो, हे खरं. पण मग कॅम्बर लाल आलाच कसा? काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे. लोअर आर्म, त्याचं बुश (रबरी जोड), बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा), स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा उभा खांब), यातलं काहीतरी. चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. सामान ढिलं ठेवून अलाइनमेंट केलं तर मशीनवर हिरवं दिसेल, पण पहिल्याच खड्ड्यात जाईल.

म्हणून आधी सामान, मग टायर, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. टायर आधी घ्याल तर तेही आतून खाल्ले जातील.

प्रतिसाद: वाशीमकर

ओढणं टायरमुळे आहे का ते फुकटात कळतं. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून चालवा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं करू नका. आणि थोडं चालवून आल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा. डावा जास्त तापला असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहतोय, त्यानेही गाडी ओढते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डावं चाक काढलं, रिमच्या आत वितभर लांब मातीचा थर निघाला. शेजारी तसाच थर गळून गेल्याचा डाग आहे आणि शिसं बरोबर त्याच्या समोरच्या बाजूला ठोकलेलं. पाना घेऊन सगळं खरवडलं. चाकं अदलाबदल करून पाहिली, ओढ डावीकडेच आहे. रिम दोन्ही सारखेच कोमट. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशाचं रबर फाटून लोंबतंय.

आता दोन शंका. लोअर आर्म दोन्ही बाजूंचे टाकावे का? आणि स्ट्रट वाकला आहे का ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद: गॅरेजवाला, हिंगणघाट

उजव्याचं बुश शाबूत असेल अन् खेळ नसेल तर आता फक्त डावा टाका. मग टो सेट करताना कॅम्बरचा आकडा परत बघा. हिरव्यात आला तर विषय संपला. लालच राहिला तर स्ट्रट खोलून त्याचा रॉड तपासायला लावा. चाकं आतून धुऊनच बॅलन्सिंगला न्या, दुकानदाराच्या भरवशावर सोडू नका.

एक गोष्ट मात्र आजच करा. तो घासलेला टायर समृद्धीवर नेऊ नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, अन् तुमची आतली कड तर गुळगुळीतच झाली आहे. स्टेपनी त्याच साइजची आणि चांगली असेल तर ती लावा, घासलेला डिकीत टाका. बाबांची तारीख जवळ असेल तर त्या खेपेला सत्तरनेच जा, मधे थांबून त्यांना पाय मोकळे करू द्या.