एका महिन्याच्या आयातीवरून देश बुडाला म्हणायचं का?

उद्यमबागकर:
"ऑक्टोबर २०२५ ला ७६ अब्ज डॉलरची मालाची आयात, निर्यात वजा जाता तूट ४१.६८ अब्ज, आजवरची सगळ्यात मोठी, देश बुडाला" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. ऑक्टोबर २०२४ पेक्षा आयात ११ अब्जांच्या आसपास वाढली खरी, पण एकटं सोनंच ४.९२ अब्जांवरून १४.७२ वर गेलंय आणि चांदी दोन अब्जांच्या वर वाढलीय, ही दोन्ही बाजूला काढा, बाकीची आयात उलट कमी झालेली दिसेल. नोव्हेंबरात सोनं ४ अब्जांवर आलं आणि तूट २४.५३. मग तीस दिवसांत देश परत वर आला म्हणायचं का?

सीमाभागी:
पोस्ट माझीच. सोनं बाजूला का काढायचं ओ? त्याला डॉलर लागत नाहीत? रुपया पडतो तो त्यानंही.

शहापूर सराफ गल्ली:
सोन्यावर बोलायच्या आधी भाव बघा. तोळा लाखाच्या वर गेलाय, तेवढंच सोनं आणलं तरी डॉलर जास्तच जाणार. आणि दिवाळी २०२४ ला ऑक्टोबरअखेरीला होती, २०२५ ला २० तारखेला, माल कधी भरला जातो त्यावर आकडा हलतो. २०२४ च्या नोव्हेंबरात १४.८ अब्जांचं सोनं आलं म्हणून लोकांनी आम्हाला दोष दिला, नंतर सरकारनंच तो आकडा जवळजवळ ५ अब्जांनी खाली आणला, मोजणीत दुबार धरलेलं. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

निपाणीचा शेतकरी:
तुमचं सोनं राहू दे बाजूला. पामतेलाचं बोला की! बाहेरून तेल येतंय म्हणून आमचं सोयाबीन पडून आहे. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४८९२, मी घातलं त्याच्या बऱ्याच खाली, आणि व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून वर आणखी कापतो. मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलाची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून १० वर आणली, कुणासाठी?

उद्यमबागकर:
काका, ती ड्यूटी सप्टेंबर २०२४ ला शून्यावरून २० केली होती. तुमचं सोयाबीन त्यानंतरच बाजारात गेलं ना? तरी हमीभावाच्या खालीच गेलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी सगळी पेंड. पेंडीला गिऱ्हाईक नाही. मक्यापासून इथेनॉल काढून उरलेला चोथा स्वस्तात कोंबडीखाद्यात जाऊलालाय.

निपाणीचा शेतकरी:
पेंड, चोथा, सगळं आम्हाला शिकवा! वर्षभर राबायचं आम्ही आणि हिशेब ऑफिसात बसून तुम्ही करायचा. माझ्या घरात दोन हंगामाचं उरलेलं सोयाबीन पोत्यात आहे, थोरल्या पोरीचं लग्न पुढं ढकललंय. चोथ्याचं बोललास ते एवढं बरोबर, पोल्ट्रीवाला तेच सांगत होता. पण तेलही येतंय, हे तू नाकारतोस?

सीमाभागी:
बघा, मी तेच म्हणतोय, आयात वाईटच.

उद्यमबागकर:
तुम्ही ते म्हणत नाही. ते वर्षानुवर्षं येणाऱ्या तेलाबद्दल बोलतायत, तुम्ही एका महिन्याच्या सोन्यावर ओरडलाय. आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतंय, ते सणाला वाढून महिन्यात उतरत नाही. त्याच्यावर पोस्ट टाका, मी पहिला शेअर करतो.

सीमाभागी:
ठीक आहे, नोव्हेंबरचा आकडा मी टाकायला हवा होता. पण ७६ अब्ज खोटं नव्हतं.

शहापूर सराफ गल्ली:
खोटं कुणी म्हटलं? अर्धं सांगितलं, एवढंच.

निपाणीचा शेतकरी:
आणि आमच्या पोत्यांचं कोण बोलणार?