किबुत्झमध्ये जमीन कुणाचीच नसते म्हणे, मग चालतं कसं?

बांधावरचा: आमच्याकडे ठिबक जोडायला आलेला पोरगा सांगत होता की इस्रायलात किबुत्झ म्हणून गावं असतात आणि तिथे सगळं सगळ्यांचं, पगारसुद्धा. मला काही पटेना. इथे विहिरीच्या पाळीवरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत (आमचंच घर, लपवायचं काय), तिथे शेकडो माणसं एकत्र शेती कशी करतात? कुणी राहिलंय का?

खजूरवाली: मी राहिलेय की, व्हॉलंटियर म्हणून पाच महिने, झाली आता वीसेक वर्षं. आठवड्यातले सहा दिवस काम, खोली-जेवण फुकट, वर थोडा हातखर्च. पहाटे खजुराच्या बागेत, ऊन चढायच्या आत परत, मग सगळे एकाच मोठ्या हॉलमध्ये नाश्त्याला. कपडे सगळ्यांचे एकत्र धुवायला जायचे म्हणून प्रत्येक कपड्यावर नंबर शिवलेला, तरी माझे दोन टॉप गेले ते गेलेच 😄 एकदा भांडी घासायला माझ्या शेजारी कारखान्याचा मॅनेजर, का तर त्या दिवशी त्याचा नंबर होता. कुरबुरी भरपूर असतात पण, कोण कामाला दांडी मारतं हे अख्ख्या गावाला माहीत.

जुनाखोड: ताई सांगतात ते दिवस सरत आले. पहिलं किबुत्झ देगानिया, १९१० चं. पुढे बऱ्याच ठिकाणी पोरं रात्री आईबापांजवळ नाही तर बालघरात झोपायची, देगानियात मात्र तसं कधीच नव्हतं. १९८० च्या दशकात महागाई आणि कर्जानं कंबरडं मोडलं, तेव्हापासून बहुतेकांनी कामाप्रमाणे पगार सुरू केले. ठिबकवाली नेटाफिम १९६५ ला हात्झेरिम किबुत्झमध्ये सुरू झाली, आज तिचा मोठा हिस्सा मेक्सिकोच्या कंपनीकडे आहे.

रेवदंडेकर: आमची आत्या तिकडे असते, बेने इस्रायल आम्ही, म्हणजे कोकणातले ज्यू. आमची बरीच माणसं दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत गेली, किबुत्झात फार थोडी. आत्याचं म्हणणं, रोज शंभर लोकांत बसून कोण जेवणार आणि माशाचं कालवण कोण करून देणार! बांधावरचे, तुम्हाला मोशाव पटेल बघा, तेही शेतीचं गावच, जसं नहलाल, १९२१ चं, तिथे घर आपलं, शेताचा तुकडा आपण कसायचा, खत-बियाणं आणि माल विकणं सोसायटीमार्फत. आणि किबुत्झची जमीन किबुत्झचीसुद्धा नसते, ती भाड्यानं घेतलेली. सातबाराच नाही तर वाटणी कशाची करणार? पोरगं मोठं झालं की त्यालाही मेंबर व्हायला अर्ज करावा लागतो, गाव मत देतं.

बांधावरचा: हे सातबाऱ्याचं डोक्यात बसलं. पण पाण्याची पाळी कोण ठरवतं?

जुनाखोड: पाळीच नाही. १९५९ च्या कायद्यानं सगळं पाणी सरकारच्या ताब्यात, तुमच्या शेतातल्या बोअरचंसुद्धा. कोटा मिळतो आणि मीटर असतो.

बांधावरचा: बोअरचंसुद्धा?? हे थोरल्याला सांगतोच, म्हणजे निरोप धाडतो.