समाजमंदिराची चावी आणि मेंढा गावचं गोटुल

"सरकारी निधीतून बांधलेलं समाजमंदिर गावाला आपलं वाटतच नाही" असं म्हणतात, ते मला पटतं. आमच्याकडेही तेच. चावी एकाच घरात, आत सिमेंटची पोती आणि मांडवाचे बांबू, लग्नसराईत भाडं घेतात पण पावती कुणी पाहिलेली नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. गोंड समाजात तरुण मुलामुलींनी एकत्र जमायची जागा म्हणजे गोटुल. ऐंशीच्या दशकात मेंढ्याच्या लोकांनी जंगलातलं सागवान आणून आपलं गोटुल नव्याने उभारलं, तर वनखात्याने पाडून टाकलं. तेव्हा आसपासच्या गावांनी मिळून ठरवलं की आता गावोगावी गोटुल बांधायचं. खात्याला नमतं घ्यावं लागलं. जी वास्तू अशी भांडून मिळवली, तिला कुलूप घालून कोण ठेवेल?

पुढे तिथल्या ग्रामसभेने सर्वसहमतीचा नियम केला, बहुमताचा नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, पण नंतर कुरबुर राहत नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो या सवयीच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा नव्या फरश्यांसाठी आमदार निधी मागण्याआधी येत्या ग्रामसभेत भाड्याचा जमाखर्च मागा. चावी कुणाकडे राहील आणि सफाई कोण करेल, हेही तिथेच ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.