शब्दचर्चा: ऋतू बघून तुकड्यातुकड्यानं चाललेल्या वाटेला काय म्हणावं?

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. सोलापुरातले आम्ही काही जण भीमेच्या काठानं चालायचं ठरवतोय. भीमाशंकरच्या उगमापासून ते रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते तिथपर्यंत. नदीची लांबी ८६१ किलोमीटर. एका दमात चालायला रजाही नाही आणि हवाही साथ देणार नाही. म्हणून ज्या महिन्यात जो काठ चालण्याजोगा, तो त्या महिन्यात चालायचा. क्रम मोडला तरी हरकत नाही.

तक्ता करायला बसलो आणि मथळ्यालाच अडलो. 'खंडित पदयात्रा' लिहिलं तर आमच्यातले एक आजोबा म्हणाले, आधी ते खोडा. तरुण पोरं 'थ्रू-हाइक' म्हणतात, म्हणजे लांबच्या वाटेची पायी सफर, पण ते आजोबांना कळत नाही. मराठीत नेमका शब्द कोणता?

मुक्कामी

'टप्प्याटप्प्याची पदयात्रा' म्हणा की. सगळ्यांना कळतं. 'पदयात्रा' म्हटलं की मागण्यांचे फलक डोळ्यांपुढे येतात, पण दुसरा शब्द सुचत नाही.

शब्दवेडी

आजोबांचं बरोबर आहे. 'खंडित'मध्ये चालू होतं ते तुटलं असा अर्थ येतो. खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, वीजपुरवठा खंडित होतो. त्यात सोलापूरच्या कानाला 'खंड' म्हणजे आधी पावसाचा खंड. तुमचं काही तुटलेलं नाही, तुम्ही आधीच ठरवून थांबणार आहात.

मला वाटतं घोळ इथं आहे की आपण तीन शब्द एकाच अर्थानं वापरतो: अखंड, सलग आणि सबंध. तिन्ही वेगळे आहेत.

'सलग' म्हणजे मध्ये फट नाही. शेतकऱ्याला विचारा: सलग तूर आणि आंतरपीक म्हणून घेतलेली तूर. सलग तुरीच्या रानात दुसऱ्या पिकाची ओळ नसते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसं चालत निघतात, साधारण ४५ किलोमीटर, ती चाल सलग. वाटेत चहाला थांबलं तरी सलगच.

'सबंध' म्हणजे पुरं, काही न वगळता. सबंध गाव जेवलं म्हणजे सगळे एका पंगतीत बसले असं नाही. तीन पंगती उठल्या असतील, पण उपाशी कुणी राहिलं नाही.

'अखंड' मात्र नेमाशी बांधलेला शब्द आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पण वीणा धरणारा माणूस बदलतो. पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात. अखंड काय राहिलं? नाम. माणूस घरी जाऊन झोपला तरी सप्ताह मोडला असं कुणी म्हणत नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा नर्मदा परिक्रमा. जुन्या नेमानं ती ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत परिक्रमावासी जिथं असेल तिथंच चातुर्मासाचा मुक्काम करतो. कारण उघड आहे: ओढे-नाले भरलेले, काठ खचलेले, पायवाटा पाण्याखाली. चार महिने एक पाऊल पुढं पडत नाही, तरी परिक्रमा अखंडच मानतात, कारण नदी ओलांडलेली नसते आणि ती उजव्या हाताला ठेवायचा नेम सुटलेला नसतो. जे घरी परततात आणि पुढच्या वर्षी सोडलं तिथून पुन्हा उचलतात, त्यांच्या चालीला 'खंड परिक्रमा' म्हणतात. तो शब्द कमीपणाचा नाही. पण 'खंड परिक्रमा' आणि 'खंडित परिक्रमा' यांत फरक करा, दुसऱ्यात मोडल्याचा वास येतो.

म्हणजे तुमची चाल सलग नाही, सबंध आहे. मी तर मथळाच 'सबंध भीमा' असा देईन.

मोडीवाला

ताईंच्या मुद्द्याला जोड. पेशवेकालीन पत्रांतला एक शब्द इथं विसरू नये: छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मोहीम, आणि पावसाळ्यात फौज एका जागी राहिली की 'छावणी केली'. आज छावणी म्हटलं की तंबू किंवा दुष्काळातली चारा छावणी आठवते, पण त्या पत्रांत पावसाळ्याचा मुक्काम हा अर्थ ठळक आहे. छावणी पडली म्हणून मोहीम बारगळली असं कुणी समजत नसे.

जैन साधूंचंही तसंच. चातुर्मासात एका गावी स्थिर, एरवी त्यांच्या चालण्याला 'विहार' म्हणतात. सोलापुरात 'महाराजांचा विहार झाला' हे वाक्य सहज ऐकू येतं. चालणं आणि थांबणं दोन्ही धरून वर्ष आखायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे, की तिच्यासाठी इंग्रजीकडून शब्द उसना आणायला नको.

मंगळवेढ्याची

शब्दांचं चालू द्या, पण दादा, भाद्रपदात आमच्याकडं येऊ नका. सोलापूर जिल्ह्याचा खरा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा आणि हस्ताचा. जूनपासून घाटावर धो-धो कोसळतो तेव्हा आम्ही ढग बघत बसतो. हस्त लागला की काळ्या रानात शंभर पावलं टाकून बघा. बुटाला मातीचा थर चढतो, काडीनं खरवडला की त्याच ओलीवर वाळकं गवत चिकटून नवा थर. पाय उचलताना पोटऱ्या भरून येतात. ही माती ज्वारीला देव आहे, चालणाऱ्याला नाही. वर उजनीतून पाणी सुटलं की काठची वाटच पाण्यात.

भीमाकाठचा

ताई, अगदी हेच तक्त्यात बसवायचं होतं. म्हणून नीरा-नरसिंहपूर ते पंढरपूर आणि पुढं सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल हा काठ आम्ही आषाढात धरतोय. ऊन उतरलेलं, वारा, भुरभुर पाऊस, वारकरी याच हवेत चालत येतात. भीमाशंकरकडचा वरचा काठ दिवाळीनंतर, घाटातला पाऊस सरल्यावर. उजनीच्या फुगवट्याचा भाग सगळ्यात चकवा देणारा, कारण तिथं काठ जागेवर राहत नाही. दिवाळीत पाणी रानाला भिडलेलं आणि उन्हाळ्यात ते कितीतरी आत सरकलेलं, इतकं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. तो भाग माघात. कर्नाटकातला पौषात. चैत्र-वैशाखात काहीच नाही, पारा चाळिशीच्या वर असतो.

म्हणजे सुरुवात मधूनच, मग वर, मग खाली, मग पुन्हा मध्ये. 'सबंध' हा शब्द पटला, पण या उलटसुलट क्रमाला काय म्हणावं? नर्मदेत तर दिशा बदलता येत नाही.

सह्यभटका

अमेरिकेतले लांब वाटांवरचे लोक याला 'फ्लिप-फ्लॉप' म्हणतात. तिथली अ‍ॅपलाचियन ट्रेल १४ राज्यांतून जाते, साधारण ३,५०० किलोमीटर. सरळ दक्षिणेकडून उत्तरेला निघालं तर शेवटचं कटाडिन शिखर थंडी पडायच्या आत गाठायची घाई. म्हणून काही जण मधल्या हार्पर्स फेरीहून निघतात, उत्तर टोक गाठतात, गाडीनं परत मध्ये येतात आणि मग दक्षिणेकडे चालतात. वाटेची देखभाल करणारी संस्था १२ महिन्यांत सगळी वाट झाली की तिला थ्रू-हाइकच म्हणते, क्रम कोणताही असो. जास्त वर्षं घेऊन तुकडे जोडले तर तो सेक्शन-हाइक. अमेरिकेच्याच पश्चिमेकडच्या ४,२६५ किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट वाटेवर सिएरा डोंगररांगेतला बर्फ वितळला नसेल तर तिथंही लोक पुढचा टप्पा आधी उरकून मागे येतात.

तेव्हा त्यांच्याही 'थ्रू'चा अर्थ 'सलग' नाही, शब्दवेडी म्हणतात तसा 'सबंध'च आहे. तुमचा तक्ता वर्षात बसत असेल तर पोरांचा 'थ्रू-हाइक' शब्दही चुकीचा नाही.

शब्दवेडी

हे फार उपयोगी. उलटसुलट क्रमाला मी नवा शब्द घडवणार नाही. 'वाट मधून धरली' हे बोलणं आपल्याकडे आहेच, आणि क्रमाचं कारण सांगायला 'ऋतुमानाप्रमाणे'. 'सबंध भीमा: ऋतुमानाप्रमाणे, टप्प्यांनी.' आजोबांनाही कळेल.

मुक्कामी

एक शंका. तक्त्यात रोजच्या चालीलाही 'टप्पा' आणि महिन्याच्या भागालाही 'टप्पा' लिहिलं तर गोंधळ होईल ना?

मोडीवाला

होईल. रोजच्या चालीला 'मजल' आहे की. 'मजल दरमजल' म्हणतो तीच मजल, एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची. काही मजलींचा एक टप्पा. तक्त्यात आडव्या ओळीत टप्पे आणि महिने, उभ्या रकान्यात मजली लिहा. आणि भाद्रपदाच्या रकान्यात 'छावणी'.