पुरासाठी गावाची बोट घ्यायची आहे, मापं कशी बघायची?

काठावरचा_पलूस
नमस्कार मंडळी. आमचं गाव पलूस तालुक्यात, अगदी कृष्णेला लागून. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमची निम्मी गल्ली माळ्यावर बसून होती. म्हातारी माणसं आम्ही गुळाच्या काहिलीतून (मोठ्या कढईतून) बाहेर काढली. आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती त्याच आठवड्यात. गावाची स्वतःची बोट हवी हे तेव्हाच ठरलं, आता वर्गणी जमली आहे.

दोन कोटेशनं आलीत. एक फायबरची: लांबी १६ फूट, रुंदी साडेपाच, क्षमता १० माणसं. दुसरी रबरी: लांबी १४, रुंदी तेवढीच, क्षमता तीच १०. दोन फूट कमी असून माणसं तेवढीच कशी? पैसे गावाचे आहेत, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

संगमाजवळचा
दादा, पहिलं विचारा, १६ फूट कुठून कुठपर्यंत? कागदावर बहुतेक वेळा एकूण लांबी असते, टोकापासून टोकापर्यंत. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुढं झुकलेली असते, तो भाग पाण्याला टेकतच नाही. वजन पेलतो तो पाण्यात बसलेला भाग. १६ फुटी बोटीत तो १३-१४ फूटच भरू शकतो.

रबरी बोटीचं तर माप बाहेरून घेतलेलं असतं. साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. दोन्ही बाजूंची ट्यूब १७-१७ इंचांची असेल तर आत उरतात ३२ इंच. त्यात दहा माणसं कशी बसणार, टेप लावून बघा. मात्र ट्यूब स्वतः तरंगते, त्यामुळं रबरी बोट सहजासहजी बुडत नाही, हेही खरं.

वल्हं_आणि_इंजिन
क्षमतेसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक सोपा हिशोब आहे, २० फुटांखालच्या साध्या बोटींसाठी: लांबी गुणिले रुंदी, भागिले १५, सगळं फुटांत. तुमची १६ × ५.५ = ८८, भागिले १५ म्हणजे पाच माणसं, पूर्ण सहाही नाहीत. आणि हे शांत पाण्यातलं. पुराच्या ओढीत त्याहून कमीच धरा.

पण मी सगळ्यात जास्त बघतो ते वेगळंच: भरल्यावर काठ पाण्याच्या वर किती राहतो. एक घनफूट पाणी साधारण २८ किलोचं. बोटीचा पाण्याला टेकलेला पसारा ५० चौरस फूट धरला, तर ती एक इंच खाली जायला सुमारे ११८ किलो लागतात. ७५ किलोची दहा माणसं म्हणजे ७५० किलो, बोट सहा इंचांहून जास्त खाली. इंजिन आणि पेट्रोलचं वजन वेगळं. आणि काठाचं हे माप सगळ्यात खालच्या जागी घ्यायचं, म्हणजे मागच्या फळीला इंजिनसाठी खाच असते तिथं. पाणी आधी तिथूनच आत येतं.

संगमाजवळचा
अगदी बरोबर. त्या फळीची उंचीही मोजा. इंजिनचा दांडा, म्हणजे खाली पाण्यातल्या पंख्याकडं जाणारा भाग, साधारण १५ किंवा २० इंची मिळतो. फळी २० इंची आणि दांडा १५ चा, तर पंखा वर राहतो आणि हवा ओढतो. उलटं झालं तर तो खोल लोंबतो, मग उसाचा फड, कुंपणाची तार, सगळं त्यात अडकणार. पुरात बोट नदीतून कमी आणि शेतातून जास्त चालते. इंजिन खाली सोडल्यावर एकूण किती पाणी लागतं, ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.

काठावरचा_पलूस
फार फार धन्यवाद. आज विक्रेत्याला फोन केला. १६ फुटांत पुढची लोखंडी कडी आणि मागचा इंजिनचा ब्रॅकेटही धरलाय, असं त्यांनीच सांगितलं. नुसती बोट १४ फूट ४ इंच! आतली मापं पाठवतो म्हणालेत.

वल्हं_आणि_इंजिन
पैसे द्यायच्या आधी एकदा घाटावर उतरवून घ्या. माणसं नकोत, वाळूची पोती वजन करून भरा. आधी पाच माणसांची, मग सहा-सात. प्रत्येक वेळी खाचेपाशी टेप लावा. मग सगळी पोती एका कडेला सरकवून परत मोजा. घाबरलेली माणसं एकाच बाजूला येतात.

काठावरचा_पलूस
रविवारी पोती घेऊन घाटावर जातोय. भरायच्या माणसांचा आकडा आम्ही ठरवू आणि बोटीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवून घेऊ. खाचेपाशी किती इंच राहिले, ते इथंच लिहितो.